बातमीबाईची गाडी

तिचं बोलणं पहिल्यांदाच ऐकणारा माणूस हमखास विचारतो, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मागच्या गल्लीतली," ती सांगते.

"नाही, म्हणजे त्याआधी?"

"त्याआधी मी जन्मले नव्हते."

यात ती विनोद करत नसते आणि उद्धटपणाही करत नसते. मागच्या गल्लीत, शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती वाढली आणि आईबरोबर अजून तिथंच राहते. पण आई, भाऊ, शेजारपाजारचे बोलतात तसं ती कधीच बोलली नाही. तिचा प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत पुरा, इस्त्री करून घडी घातल्यासारखा. आवाज एकाच पट्टीत, ना चढ ना उतार. लहानपणी ती टीव्हीवरच्या बातम्या पडद्याला नाक लावून ऐकायची. बोलायला उशिरा लागली आणि लागली ती थेट त्याच सुरात. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "आई, बाहेरच्या खोलीतला पडदा पेटला आहे." आई म्हणाली, "बरं, आले हं," आणि भांडी विसळत राहिली. पडदा गेला, खिडकीची चौकट काळी पडली. आई अजून म्हणते, "अगं, ओरडायचंस ना." ती म्हणते, "मी सांगितलं होतं." दोघींचंही खरंच आहे.

शाळेतल्या पोरी तिला 'बातम्या' म्हणायच्या. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून हाक यायची, "आल्या गं बातम्या." आईनं तिला पाठांतराच्या शिकवणीला घातलं. तिथल्या बाईंनी आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा ते खुणा करून दाखवलं. तिनं त्या खुणा तंतोतंत पाळल्या. ऐकणाऱ्यांना कुणीतरी सामान घेऊन जिना चढतंय-उतरतंय असं वाटलं. शिकवणी बंद झाली. पुढे मोठेपणी एका डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला ऑटिझम असं नाव दिलं. बोलण्याची ही तऱ्हा त्यातलीच, असंही सांगितलं. मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे कळल्यावर ती म्हणाली, "शब्द चुकीचा वाटतो. मी स्वतःत मग्न नसते. मी गाडी चालवत असते."

तोवर ती खरोखरच गाडी चालवत होती. मामाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. काचेचा दरवाजा, आत एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर दोन गाड्या. आईनं मामाच्या मागे लागून तिला तिथं चिकटवलं, ते फायली लावायला. फायली लावता लावता ती गाडी शिकली, मग शिकवण्याचा परवानाही तिनं काढला. मामा चकित झाला, पण दुसऱ्या गाडीला माणूस हवाच होता.

पहिली गाडी उस्तादांची. उस्ताद वयानं मामाहून मोठे, शिकवण्यात मुरलेले आणि आवाजाचे खणखणीत. त्यांच्या गाडीच्या काचा बंद असल्या तरी चौकातल्या दुकानदाराला धडा कुठवर आलाय ते कळायचं. "अहो ब्रेक. ब्रेक म्हणतोय ना. अहो, देव डोळे कशाला देतो?" माणसं त्यांना घाबरायची आणि त्यांच्याकडेच जायची.

तिच्या गाडीतून मात्र शिकाऊ माणसं महिन्याच्या आतच उतरत. तक्रार एकच, फक्त शब्द वेगळे. मॅडम चिडल्यात का? मॅडमना कंटाळा येतो का? 'छान जमलं' आणि 'भिंतीला लागेल' हे मॅडम एकाच सुरात कसं काय म्हणतात? एकदा तिनं उस्तादांची नक्कल करून पाहिली, अगदी त्यांच्या चढ-उतारांसकट. शिकणाऱ्या बाईंना वाटलं आपली थट्टा चाललीय. त्या गाडी मधेच उभी करून घरी निघून गेल्या. उस्तादांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "अगं बातमीबाई, माझं दुकान कशाला बसवतेस?" शाळेतलं नाव असं वयाबरोबर मोठं झालं.

शेवटी मामानं तिला टेबलासमोर बसवलं.

"हे बघ पोरी, तू गाडी चांगली शिकवतेस. पण लोकांना ते कळत नाही. आता आणखी एकानं जरी गाडी बदलून मागितली, तर तू ऑफिसात बसायचंस. फोन घ्यायचे."

"फोनवर लोक मला मशीन समजतात," ती म्हणाली. "एकानं मला 'मराठीसाठी एक दाबा' असं म्हणायला सांगितलं."

"मग फायली लाव."

"मला गाडीत बसायचं आहे."

"कळतंय गं."

"मला गाडीतच बसायचं आहे," ती त्याच सुरात पुन्हा म्हणाली. मामाला त्यात हट्ट ऐकू आला नाही. पण हट्ट होता. गाडीत तिच्या शेजारचा माणूस समोर बघत असतो, तीही समोर बघत असते, आणि बोलायचं ते फक्त दिसतंय त्याबद्दल. जगात अशी दुसरी खोली तिला सापडली नव्हती.

त्याच आठवड्यात सिस्टर आल्या. मोठ्या दवाखान्यातल्या नर्स, पन्नाशीच्या. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचं काम त्यांना मिळणार होतं, पण त्याला लायसन्स लागत होतं. उस्तादांच्या हाताखाली शिकून त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. उस्तादांनी हात टेकले. "पालथ्या घड्यावर पाणी. जा सिस्टर, आता बातम्या ऐका."

सिस्टरांचा हात बरा होता, गिअर बिनआवाज पडायचा. पण दर वळणाला त्या डावीकडे, तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या.

"बरोबर?"

"बरोबर."

"चिडलात का?"

"नाही."

"मग असं का बोलता?"

"मी असंच बोलते. समोर ट्रक आहे."

सिस्टर अजून तिच्याकडेच बघत होत्या. तिनं आपल्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक दाबला. गाडी ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. गाडी कडेला घेतल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, जरा ओरडायचं तरी. समोर ट्रक आहे, हे असं सांगतात का? चहा झालाय म्हणाल्यासारखं?"

"तुम्ही माझ्याकडे का बघत होता?"

"तुमच्या आवाजावरून काही कळत नाही म्हणून."

"ट्रक माझ्या तोंडावर नव्हता. समोर होता."

सिस्टर चिडल्या. "मी जाते आणि मामांना सांगते, मला उस्तादच द्या. शिव्या घालतात, पण कळतं तरी."

मामानं सांगितलेलं 'आणखी एक' ते हेच. कुणी दुसरं असतं तर विनवण्या केल्या असत्या. तिला एक गोष्ट मात्र खरोखरच कळत नव्हती, म्हणून तिनं ती विचारली.

"उस्तादांच्या गाडीत तुम्ही ब्रेक कधी लावायचात?"

"कधी म्हणजे? ते ओरडले की."

"आणि वेग कमी कधी करायचात?"

"त्यांचा आवाज चढायला लागला की."

"परीक्षेला शेजारी साहेब बसतात. ते ओरडतात का?"

"छे. ते तर तोंडच उघडत नाहीत. मूग गिळून…" सिस्टर बोलता बोलता थांबल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबेना. "अगं बाई. म्हणजे मी गाडी शिकलेच नाही. मी उस्ताद शिकले."

"हो," ती म्हणाली.

"आयुष्यभर हेच केलं की मी. डॉक्टरांचा आवाज, घरी सासूबाईंचा आवाज. कोणता सूर लागलाय बघायचं आणि तसं पळायचं." त्यांनी डोळे पुसले. "चला. समोर बघते."

त्या मामाकडे गेल्या नाहीत. पुढचे धडे त्याच गाडीत झाले. ती जे दिसेल ते सांगायची, हळूहळू तिनं तेही कमी केलं. शाळा सुटली आहे. ती चढाची सुरुवात आहे. लाल गाडीत माणूस बसलेला आहे, दार उघडेल. मग एके दिवशी सिस्टरच सांगायला लागल्या आणि ती ऐकत राहिली. आपल्या पायाशी एक ब्रेक आहे, हे ती विसरली नाही, पण पाय त्यावर गेला नाही.

परीक्षेच्या दिवशी मामा आणि उस्ताद दोघंही मैदानाच्या जाळीपाशी येऊन उभे राहिले. उस्ताद म्हणाले, "चढावर गाडी बंद पडणार बघ. दोन्ही वेळा तिथंच पडली." ती चढाकडे बघत राहिली. साहेब शेजारी दगडासारखे बसले, त्यांनी काच वर केली. सिस्टर निघाल्या. चढावर गाडी थांबली, हँडब्रेक सुटला, आणि ती तसूभरही मागे न सरकता वर गेली. उस्ताद खाकरले. परतीच्या वळणावर पाण्याचा टँकर आडवा मागे येऊ लागला. तो परीक्षेचा भाग नव्हता. ड्रायव्हरनं बघितलंच नव्हतं. उस्तादांच्या तोंडून "अहो ब्रेक" निघालं, पण ते जाळीच्या अलीकडेच राहिलं. गाडीत कुणी काही म्हणालं नाही. सिस्टरांनी ब्रेक लावला, टँकर जाऊ दिला, आरशात बघितलं आणि पुढे निघाल्या.

साहेबांनी उतरताना फक्त मान हलवली. पास.

सिस्टर धावतच जाळीपाशी आल्या. ती म्हणाली, "मला अतिशय आनंद झाला आहे."

"अगं, मग जरा हास, टाळ्या वाजव," मामा म्हणाला. "आनंद दाखव की काहीतरी."

"दाखवलाय की तिनं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला कमी ऐकू येतं का?"

पुढच्या सोमवारी सिस्टरांच्या दवाखान्यातल्या दोघीजणी काचेचा दरवाजा ढकलून आत आल्या. दोघींची नावं उस्तादांच्या गाडीत होती. "गाडी बदलून मिळेल का?" एकीनं विचारलं. मामानं सवयीनं कपाळाला हात लावला, मग कोणत्या गाडीतून कोणत्या गाडीत ते त्याच्या ध्यानात आलं, आणि हात तिथंच राहिला. फोन घ्यायला त्यानं दुसरं माणूस शोधलं.

उस्तादांनी काही दिवस तोंड फिरवलं. मग एका सकाळी ते तिच्या खिडकीशी आले. बरोबर त्यांची सून होती.

"हिला शिकवायचंय," ते म्हणाले. उस्तादांचा आवाज इतका खाली आलेला चौकानं कधी ऐकला नव्हता. "माझ्या गाडीत रडते."

"बसा," ती सुनेला म्हणाली.

सुनेनं पट्टा लावला, आरसा नीट केला आणि घाबरत विचारलं, "मॅडम, माझे सासरे काही बोलले म्हणून तुम्ही रागावलात का?"

"नाही. मी खुशीत आहे," बातमीबाई म्हणाली. "समोर बघा."