मोडण्यासाठी घातलेला बांध

आमच्या गावाच्या फुटबॉल संघाचे आजवरचे सर्वोत्तम अकरा खेळाडू कोण, हा वाद आमच्याकडे लग्नात निघतो, दिवसकार्यात निघतो आणि कासा नाक्यावर जीप भरेपर्यंत तर निघतोच निघतो. मी स्वतः उजव्या बाजूचा बचावपटू होतो आणि कोणाच्याच यादीत नसतो, म्हणून लोक मला निःपक्षपाती समजतात. मी तसा अजिबात नाही. माझ्या मते आमच्या संघात खरा खेळाडू एकच झाला, तो आमचा डावखुरा. हल्ली तो वापीला कंपनीत असतो. तलासरीच्या स्पर्धेत त्याने कोपऱ्यावरून मारलेला चेंडू हवेत वळून थेट गोलमध्ये शिरला होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, आणि पाहूनही जे विरोध करतात त्यांच्याशी बोलत नाही.

मैदान म्हणाल, तर आम्हाला मैदान नाही. भात कापून झालं की गावाला लागून असलेली खाचरं आम्ही एक करतो. मधले बांध कुदळीने फोडायचे, माती पसरायची, बांबूचे गोल उभे करायचे. ज्यांनी फोडले त्यांनीच पावसाआधी बांध पुन्हा घालून द्यायचे, असा रिवाज. बांध नसेल तर खाचरात पाणी टिकत नाही, आणि पाणी नाही तर भात कसला?

मधलं खाचर एका काकांचं. तेही संघाचे जुने गोलकी, म्हणजे गोलरक्षक. गेल्या पावसाआधी बांध घालायला आम्ही मोजकेच आलो, पाऊस लवकर पडला आणि अर्धा बांध तसाच राहिला. काकांच्या लावणीचं पाणी ओढ्याला वाहून गेलं. तेव्हा ते काही बोलले नाहीत. भात झोडून झाल्यावर बोलले.

"या वर्साला माझ्या बांधाला कुदळ लावायची नाय."

म्हणजे मैदान गेलं. ते खाचर सोडून उरतं त्यात फार तर लगोरी खेळता येईल.

मग मी डोकं चालवलं. स्पर्धेसाठी कासाला फ्लेक्स छापायचा होता, त्यावर संघाचे सर्वकाळचे अकरा. मी म्हटलं, गोलकी म्हणून काकांचा फोटो टाकू, तोही मोठा. एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाचर आपलं. खरं तर आमचा सगळ्यात चांगला गोलकी आता जीप चालवतो, हे शेंबडं पोरही सांगेल. जीपवाला तिथेच बसला होता. तो म्हणाला, "मैदान भेटत असंल तर मला काढा."

जीपवाला धरून आम्ही दोघंतिघं काकांच्या ओटीवर गेलो आणि मोबाइलवर फ्लेक्स दाखवला. त्यांनी तो हात लांब धरून पाहिला.

"ह्यो गोलकी कोन?"

"तुमीच की, काका."

"नि जीपवाला?"

मी मोबाइल परत घ्यायला हात पुढे केला, पण काकांनी तो दिला नाही.

"अरे, माझ्या पायांतून चेंडू गेला नि आपन फायनल हारलो. त्यानं पेनल्टी अडवून कप आनला. ताकाला आलाय तर भांडं कशाला लपवताय?"

पण यादी हातात आल्यावर काकांना राहवेना. चहा आला, निवला, दुसरा आला. एकेक नाव ते पारखत होते. डावखुऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "ह्याला काढा."

माझं टाळकंच फिरलं. "काका, तसा पाय पुन्हा व्हायचा नाय!"

"पाय हाय. हात कुठं हायेत? बांध घालायला कधी आला? गरज सरो, वैद्य मरो."

"पन आपन फुटबॉलचं बोलतोय ना?"

"माझ्या शेतात खेळलेल्या फुटबॉलचं."

आम्ही उठलो तेव्हा काका म्हणाले, "आधी गेल्या वर्साचा बांध पुरा घालून द्या. मग फोडायचं इचारा."

जे फोडायचं तेच आधी बांधायचं! वाटेत मला हसू आलं. जीपवाला हसला नाही.

घरी येऊन मी वापीला फोन लावला आणि डावखुऱ्याला सगळं सांगितलं, काकांच्या शब्दांत. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला धास्ती वाटली. मैदान जाईल याची होतीच, पण इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो तो माणूस फक्त पायापुरताच होता की काय, याची जास्त.

रविवारी सकाळी आम्ही ओढ्यातून ओली माती आणत होतो, तेव्हा तो हायवेकडून चालत आला. पायात कंपनीचे बूट. काही न बोलता त्याने फावडं घेतलं. काम त्याला येत नव्हतं. त्याने टाकलेली माती घसरून खाली यायची, तो पुन्हा टाकायचा. दुपारपर्यंत त्याचे तळहात सोलवटले. काका बांधापलीकडे उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनीच येऊन फावडं उलटं केलं आणि मातीवर आपटून दाखवलं.

"थापायचं. नुसतं टाकायचं नाय."

"मला ठावंच नव्हतं, काका. पावसाआधी सुट्टी भेटायची नाय, म्हणून कधी आलोच नाय. यायला पायजे होतं."

बांध पुरा झाल्यावर काका त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय दाबत चालले. मग माझ्याकडे वळले.

"घाल त्याला फ्लेक्सवर."

माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नि गोलकी?"

"जीपवाला! किती येळा सांगू?"

एवढं बोलून त्यांनी कुदळ उचलली आणि त्या ओल्या बांधावर पहिला घाव स्वतःच घातला.