मापाचं जॅकेट, गिरणेचं पाणी

गेल्या दिवाळीत तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी अजून जपून ठेवला आहे. फेसाळती नदी, एक लाल बोट, एक पिवळी, आणि दगडांमधून वाट काढत खाली येणारे तुम्ही दोघं. मी फोनवर विचारलं, "मला येईल का रे हे?" तुम्ही दोघंही हसलात. धाकटी म्हणाली, "आजी, तू काठावर बस ना. आमचे फोटो काढ."

तिच्या बोलण्यात मायाच होती, हे मला कळलं. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन आधीच पुसलेले डबे पुन्हा पुसायला घेतले. तुमचे आजोबा दारात येऊन म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." मग ते टाचा उंचावून वरच्या फळीवरचे डबे मला काढून देऊ लागले.

तुम्ही पुढच्या हिवाळ्यात येणार, आपण सगळे उत्तरेत एखाद्या नदीवर जाणार, हे तुमच्या बाबांनी ठरवलंच होतं. तिथे मी घडीच्या खुर्चीत बसून तुमचे टॉवेल सांभाळणार होते. मला ते नको होतं. मला त्या पाण्यात तुमच्या मागून यायचं होतं. माझं वय एकसष्ट, गुडघे बरे, आणि पोहणं लहानपणापासून येतं, एवढं भांडवल माझ्याजवळ होतं.

जळगावात कयाक शिकवणार कोण? पण धुळ्याला शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हाची माझी एक विद्यार्थिनी बरीच वर्षं गंगेच्या वरच्या अंगाला नदीवर काम करून आली आहे. लग्न होऊन आता ती जळगावजवळच्या एका केळीच्या मळ्यात राहते आणि शाळेत खेळ शिकवते. तिच्या दोन बोटी गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या असतात. मी तिला फोन केला.

"मॅडम, तुम्ही? स्वतः?"

"मी स्वतः."

"मी पाण्यावर फार रागावते हं. कोणाचं ऐकून घेत नाही."

"मी तरी वर्गात कुठे कोणाचं ऐकून घ्यायचे?"

"म्हणूनच आधी सांगते," ती म्हणाली. "रविवारी या. आणि एक करा, काहीही विकत आणू नका."

मी तेवढंच ऐकलं नाही. कुठलंही काम हातात घेतलं की मला आधी वही लागते. मी चार दिवस इंटरनेटवर वाचलं, सामानाची यादी केली आणि लाइफ जॅकेट आणायला बाजारात गेले. खेळाच्या सामानाचं ते दुकान राजस्थानातून आलेल्या एका घराण्याचं आहे. तुमच्या बाबांची पहिली बॅट तिथलीच.

"बाईसाहेब, नातवासाठी का?" शेठजींनी विचारलं.

"माझ्यासाठी."

ते शिडी लावून वर चढले. दोन जॅकेटं निघाली. एक कमरेपर्यंतच येणारं, दोन्ही बाजूंनी पट्टे असलेलं. ते घातलं तर छाती आवळल्यासारखी वाटली. दुसरं ऐसपैस होतं. मी ऐसपैस घेतलं. आपल्या घरात कपडा नेहमी वाढत्या अंगाचाच आला. तुमच्या बाबांचा शाळेचा शर्ट पहिलं वर्ष त्यांच्या गुडघ्यापाशी असायचा आणि नव्या बुटांच्या पुढच्या टोकात मी घरचा कापूस कोंबायचे. घट्ट बसणारी वस्तू विकत घेणं म्हणजे मला फसवणूक वाटते.

"मोठंच न्या," शेठजी म्हणाले. "थंडीत आत स्वेटरही मावेल."

दोघंही खूष झालो.

रविवारी मळ्यावर गेले. केळीच्या बागेच्या कडेला प्लॅस्टिक अंथरलेलं मोठं शेततळं आहे. एका टोकाला पायऱ्या आणि त्यांच्या खाली कमरेएवढ्या पाण्याचा एक ओटा आहे, तिथेच सगळं शिकायचं. मी स्वच्छ सुती पंजाबी ड्रेस, पायांत चपला आणि हातात वही अशी उभी होते. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मॅडम, सुती नको. भिजलं की अंगावर ओझं होतं आणि गार पडतं."

"अग, मी कापूसवाल्यांची मुलगी. आयुष्यात दुसरं काही घातलं नाही."

"मग आता घाला," असं म्हणून तिने स्वतःचा जुना नायलॉनचा टी-शर्ट आणि चड्डी माझ्या हातात ठेवली. तुमचे आजोबा शेततळ्याच्या बांधावर थर्मास घेऊन बसले होते. ते म्हणाले, "हिच्या वडिलांना कळू देऊ नका. जिनिंगवाले संपावर जातील."

चपलांऐवजी पायाला बांधून बसणारे बूट आले. हेल्मेट तिने माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला आणि म्हणाली, "नाही म्हणून मान हलवा." मी हलवली. हेल्मेट माझ्याबरोबर हललं, माझ्यावर हललं नाही. "हे बरोबर," ती म्हणाली. वल्हंही तिनेच निवडून दिलं, माझ्या खांद्यांना झेपेल असं हलकं. माझी नजर मात्र दोन बोटींपैकी लांब, निमुळत्या बोटीवर होती. ती म्हणाली, "ती तळ्याची. नदीला ही बुटकी लागते, दगडांमध्ये पटकन वळते. आणि पहिलं वर्षभर बोट विकत घ्यायची नाही, दुसऱ्याची मागून आणून चालवायची. तुमचं वजन किती?"

मी सांगितलं.

"खरं सांगा. बोट वजनाप्रमाणे निवडतात."

बांधावरून आजोबांनी खरा आकडा सांगितला.

मग मी पिशवीतून माझं नवं जॅकेट काढलं. मी ते घातल्यावर तिने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून मला वर उचललं. मी जागेवरच राहिले, जॅकेट मात्र कानांपर्यंत आलं.

"चुकलंय, मॅडम."

"पट्टे आवळले की बसेल."

"तुम्ही आम्हाला चूक स्वतः शोधायला लावायचा, आठवतं?" ती म्हणाली. "चला. मी इथेच कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे."

कयाकमध्ये बसलं की कमरेभोवती रबराचा एक घागरा घालून तो बोटीच्या तोंडावर झाकणासारखा ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. पुढे त्याला एक लूप असतो. बोट उलटली की पाण्याखाली पुढे वाकायचं, लूप ओढायचा, झाकण सुटतं, आणि मग मांड्या ढकलून बाहेर यायचं. हे आलं तर नदी, नाही तर नाही. मी हे सगळं वहीत आकृती काढून लिहून आणलं होतं. तिने बोट उलटवली. क्षणात माझं ऐसपैस जॅकेट फुगून तोंडावर आलं, नाकापुढे नुसतं नारिंगी कापड, लूप कुठे, हात कुठे, काही समजेना. तिने मला लगेच सरळ केलं. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचा मामला असेल. पण मी खोकत होते.

सोमवारी मी जॅकेट वाळवून दुकानात गेले.

"याला शेततळ्याचा वास येतोय," शेठजी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, मोठंच न्या."

"बाईसाहेब, गिऱ्हाइकाला जे आवडतं ते आम्ही म्हणतो." पण त्यांनी ते आवळणारं जॅकेट काढून दिलं.

जॅकेट बदललं, पण भीती तशीच राहिली. पुढचे कित्येक रविवार मी सपाट पाण्यात वल्हवायला शिकले, वळायला शिकले, बोट कलली की कमरेने सावरायला शिकले. वल्हं मारताना सगळे खांद्यांनी ओढतात, मी पोटाने वळते, असं माझं कौतुकही झालं. पण उलटण्याची वेळ आली की मी पुरती पाण्याखाली जायच्या आधीच तिचा हात घट्ट पकडायचे.

अशात संक्रांतीनंतर पेपरात बातमी आली, की गिरणा धरणातून नदीत आवर्तन सुटणार. तुम्हाला हे माहीत नसेल. आमची गिरणा पावसाळा सोडला तर वाळूची नदी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ठरल्या दिवशी धरणाचं पाणी सोडतात, ते काही दिवस वाहतं आणि पुन्हा वाळू. पुराच्या गढूळ, झाडं वाहून आणणाऱ्या पाण्यात नवख्याने उतरायचं नसतं. आवर्तनाचं पाणी स्वच्छ आणि मोजकं असतं. पाचोऱ्याच्या पुढे माझ्या माहेरच्या गावाखाली कातळाच्या तीन पायऱ्या आहेत, त्यांवरून हे पाणी खळाळत उतरतं. माझ्या विद्यार्थिनीने ती जागा आधीच हेरली होती.

"वरच्या बंधाऱ्याच्या जवळ फिरकायचं नाही," ती म्हणाली. "त्याच्याखाली पाणी गोल फिरून माणसाला धरून ठेवतं. आपण खूप खालून सुरू करू. पण अट एक. शनिवारपर्यंत लागोपाठ तीन वेळा उलटून, माझ्या मदतीशिवाय बाहेर यायचं. नाही आलात, तर तुम्ही काठावर."

पुन्हा तेच काठावर. शुक्रवारपर्यंत माझं एकदाही जमलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पाण्यावर वाफ होती. तिने नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यांचे पट्टे धरले आणि मला वर उचललं. या जॅकेटाबरोबर मीही वर उचलली गेले. आणि मला एकदम माहेरच्या मळ्यातली विहीर दिसली.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, मला पोहायला शिकवत तेव्हा पाठीला दोन वाळलेले भोपळे बांधत. दोर इतका आवळत की मी ओरडायचे. मग ते त्याच दोराला धरून मला जमिनीवरून उचलत. दोर काखेत सरकला तर पुन्हा सोडून पुन्हा बांधत. नाही सरकला, की विहिरीच्या पायरीवर उभी करून एवढंच म्हणत, "आते सोड, पोरी." आता सोड, एवढंच. मी पायरी सोडायचे. पुढचं काम भोपळ्यांचं होतं.

हे सगळं मला पन्नास वर्षांपूर्वीच माहीत होतं, आणि मी दुकानात जाऊन ऐसपैस जॅकेट घेतलं होतं.

"हसताय काय, मॅडम?"

"काही नाही. उलटव."

पाण्याखाली मी डोळे उघडे ठेवले. हिरवट उजेड होता. जॅकेट अंगाला चिकटून जागच्या जागी होतं. पुढे वाकले, लूप सापडला, ओढला, मांड्या ढकलल्या, आणि आकाश दिसलं. तिचे दोन्ही हात तिने पाठीमागे बांधले होते. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा मी बाहेर आले तेव्हा बांधावर तुमचे आजोबा टॉवेल हवेत फिरवत उभे होते आणि थर्मास लवंडून चहा केळीच्या बुंध्याला गेला होता.

दुसऱ्या दिवशी गिरणेत पाणी आलेलं होतं. माझ्या विद्यार्थिनीचे यजमान खालच्या पायरीशी फेकायचा दोर घेऊन उभे राहिले. ती स्वतः मागून आणलेल्या दुसऱ्या बुटक्या बोटीतून पुढे. आजोबांकडे फोन दिला होता, फोटोंसाठी. धुणं धुवायला आलेल्या बायका कपडे तसेच टाकून बघत होत्या. त्यांतली एक, माझ्याच वयाची, पाण्याला पाय लावून बसलेली, मला म्हणाली, "काय वं बहीन, डोकावर हाई काय घालेल शे? पातेलं?"

"पातेलं नही वं, हेल्मेट शे," मी म्हटलं. माहेरच्या भाषेत बोलल्यामुळे तिला माझ्यावर हक्कच मिळाला.

"मंग जाय आते! बठ्ठा गाव देखी ऱ्हायना." सगळं गाव बघत होतं खरं.

पहिली पायरी उतरले. दुसरीवर पाणी डावीकडे वळत होतं आणि मी उजवीकडे बघत होते. बोट उलटली. त्या बाईचं "बुडनी वं!" मला पाण्याखाली शिरता शिरता ऐकू आलं. वाकले, लूप, ओढ, ढकल. डोकं वर काढलं, पाठीवर झाले, पाय पुढे करून खळाळाबरोबर खाली आले आणि फेकलेला दोर धरून काठाला लागले. गुडघ्याला खरचटलं होतं. माझी विद्यार्थिनी बोट ओढून घेऊन आली. ती काही विचारायच्या आत मी म्हटलं, "वरती चल. पुन्हा."

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी तिचा चुकलेला निबंध परत करायचे आणि ती तो तिथेच उभी राहून पुन्हा लिहायला घ्यायची, तेव्हा मीही तिच्याकडे असंच पाहिलं असेल.

दुसऱ्या वेळी मी बघायचं तिकडेच बघितलं. पहिली पायरी. दुसरीला कंबर डावीकडे, वल्हं पाण्यात, बोट वळली. तिसरीवर तोंडावर गार पाण्याचा फटका बसला, काही दिसेना, पण बोट माझ्याखाली सरळ होती. मग एकदम आवाज मागे पडला आणि मी शांत पाण्यात फिरत होते. मला वाटतं मी ओरडले. कोणत्या भाषेत, आठवत नाही.

"उनी वं! म्हतारी उनी!" म्हातारी आली, म्हणून काठावरून ती बाई टाळ्या पिटत होती, आणि सगळ्या बायका तिच्यासोबत.

तुमच्या आजोबांनी अकरा फोटो काढले. नऊंमध्ये पाणी आहे, एकात त्यांचा अंगठा. अकराव्यात बोट आहे, वर उचललेलं वल्हं आहे, आणि हेल्मेटखाली जे उघडं तोंड आहे ते माझं. तोच या पत्रासोबत पाठवते आहे.

आता कामाचं. हिवाळ्यात तुम्ही याल तेव्हा उत्तरेत जायच्या आधी गिरणेचं आवर्तन मिळालं तर आपण तिघं या तीन पायऱ्या उतरू. काठावरची खुर्ची तुमच्या आजोबांनी मागून घेतली आहे, फक्त फोन धरायला त्यांना कोणीतरी शिकवावं लागेल. जॅकेटं मी इथेच आणून ठेवते, शेठजींशी बोलणं झालं आहे. तुमच्या छातीची मापं टेपने नीट मोजून निघायच्या आठवडाभर आधी कळवा. त्या दिवशी भरतील तीच लिहा. वाढत्या अंगाची नकोत.