कारणाचा रकाना

तिसऱ्यांदा सांगितलं, सर, मी यावर सही करणार नाही. सर म्हणाले, "तुझं नोकरीचं कन्फर्मेशन पुढच्या महिन्यात आहे ना?" म्हटलं, आहे. "मग?" मग काय मग! धमकी द्यायची तर सरळ द्या ना, हे 'मग' कशाला?

अंधेरीतल्या आमच्या कंपनीत भिंतीला टाइल चिकटवायची पावडर बनते. मिस्त्री लोक तिला केमिकल म्हणतात. सिमेंट, बारीक रेती आणि पोत्यामागे मूठभर पांढरं सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेलं. मूठभरच, पण सगळी मदार त्याच्यावर. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून टाइल लावायला वेळ मिळतो. त्याने पाणी सोडलं की मसाल्यावर साय धरते, आणि साय धरलेल्यावर टाइल बसते पण चिकटत नाही. ती मूठ कोणती आणि किती, हे ठरवायची माझी नोकरी.

हिवाळ्यात कंपनीने स्वस्तातलं नवं सेल्युलोज आणलं. तपासलं मी. लॅबमध्ये, एसीत, नियमात लिहिलंय तसं. झकास पास झालं. सही माझीच.

मे महिन्यात मुलुंडच्या एका सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीवरून टाइल्स गळून पडल्या. नशीब, खाली कोणी नव्हतं. तक्रारीचा रिपोर्ट माझ्यासमोर आला तोच अर्धा भरून. 'कारण' या रकान्यात सरांनी टाइप करून ठेवलं होतं: मिस्त्रीची चूक, साय धरल्यावर टाइल लावली. मी फक्त खाली सही करायची. त्या कागदाच्या जोरावर कंत्राटदार मिस्त्रीकडून सगळी भिंत फुकट करून घेणार होता, आणि मग त्याला कामावरून काढणार होता.

मी मुलुंडला गेले. मिस्त्री माझ्याहून थोडाच मोठा. म्हणाला, "ताई, उन्हात केमिकल पसरतो न पसरतो तोच साय. पळत पळत लावल्या टाइल्स. अजून किती पळू?" असलं बोलणं मी आमच्या घरात ऐकलं होतं.

माझे बाबा जालन्याहून इथे आले आणि टाइलचं काम शिकले. घाटकोपरच्या एका बिल्डिंगमध्ये त्यांच्या हातच्या टाइल्स पडल्या. कुठल्याशा कंपनीचा माणूस आला आणि 'मिस्त्रीची चूक' लिहून गेला. बाबांनी भिंत फुकट करून दिली. घरी येऊन म्हणाले, "माझा हात गेला." थापी पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली, ती टाकलीच. तेव्हापासून वॉचमनची नोकरी करतात.

रविवारी ती थापी मी खाली काढली. बोरीवलीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, भर दुपारी, जुन्या सेल्युलोजची एक बादली आणि नव्याची एक. आई खालून ओरडत होती, "वेड लागलंय का गं बापलेकीला?" बाबा आधी नाहीच म्हणत होते. मग बसले. टाकीच्या तापलेल्या भिंतीवर दोन पट्टे ओढले, थोडं थांबले आणि दोन्हीवर बोट टेकवलं. मिस्त्रीची तपासणी एवढीच. बोटाला लागलं तर जिवंत, नाही लागलं तर मेलं. जुन्याने बोट माखलं. नव्यावरून कोरडं उचललं. मग त्यावर टाइल लावून लगेच उपटली, तर मागची बाजू दुकानातून आणल्यासारखी स्वच्छ.

मी आनंदाने ओरडले, आणि पुढच्याच क्षणी मला माझी लाज वाटली. भिंत एसीत नसते, हे मला आधी सुचायला नको? मिस्त्रीच्या मुलीला!

सोमवारी सरांना फोटो दाखवले. "अगं यार, नियमात उन्हाची टेस्टच नाही. आणि पास तूच केलंयस. कारणात तुझं नाव लिहू का?"

"लिहा ना. नाही, थांबा, मीच लिहिते."

टाइप केलेली ओळ खोडली आणि वर पेनने लिहिलं: नवं सेल्युलोज उन्हात पाणी सोडतं. उन्हात न तपासता ते पास करणारी मी. मिस्त्रीची चूक नाही. मग केली सही, चांगली ठसठशीत. कागदाचा फोटो काढला आणि सरांच्या डोळ्यांदेखत सोसायटीला आणि कंत्राटदाराला पाठवला. सरांचा चहा तसाच राहिला.

कन्फर्मेशन पुढे ढकललंय. ढकला. मी कुठे जात नाही, आणि आता एकही नमुना गच्चीवर तापवल्याशिवाय पास करत नाही. मिस्त्री कामावर आहे. भिंत कंपनीच्या खर्चाने परत होतेय.

त्या सोमवारी संध्याकाळी बाबांना तो फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचला.

"मिस्त्रीची चूक नाही, असंही लिहितात?"

"मी लिहिलं."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा माझाही हात गेला नसेल."

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "माहीत नाही, बाबा. ती पावडर आता कुठून आणू तपासायला?"

"तेव्हा तरी कुणी तपासली होती?" बाबा म्हणाले. "नुसतंच लिहिलं."