खाणीतून उठलेली टेकडी

विमानातून टिपलेले दोन फोटो शेजारी ठेवून भिंगांच्या जोडीतून पाहिले, की जमीन खरीखुरी उंचसखल दिसते. कुठली जमीन पडीक, हे आम्ही ऑफिसात बसून असंच ठरवतो.

काल शेजारच्या टेबलावरून वैद्यबाईंनी हाक मारली. "अहो, बघा तर!"

बंद पडलेली दगडखाण भिंगात चक्क टेकडी होऊन उभी होती.

"बाई, डावा फोटो उजवीकडे गेलाय. म्हणून खड्डा वर आलाय."

"कळलंय हो. पण माझं माहेर तिथलंच. फोडायच्या आधी टेकडी अशीच दिसायची."

त्यांनी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिलं. गेलेलं असं समोर उभं राहिल्यावर माझा हात नक्की अडखळला असता. बाईंनी फोटो जागच्या जागी लावले. टेकडी खोल गेली. मग त्यांनी तिच्यावर नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'पडीक'.