कानातली बाई

मी कुठल्या यात्रेला गेले नव्हते, देवळातही नव्हते. दाराला बाहेरून कुलूप असलेल्या वॉर्डात मी बारा दिवस होते, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथलंच आहे. मी चौथी शिकलेली बाई. झालं ते जसं झालं तसं लिहिते. त्यात देव किती आणि योगायोग किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझं अजून पुरतं ठरलेलं नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. मुलगा राजू सिल्वासाजवळ राखोलीला धाग्याच्या कारखान्यात आहे. दीड वर्षापूर्वी माझे मालक गेले आणि राजू मला इथे घेऊन आला. दोन खोल्या, तिसरा मजला, शेजारी एक गुजराती आणि एक बिहारी. दिवसभर बोलायला कोणी नाही. हळूहळू माझी झोप गेली, मग जेवण गेलं. मालकांशी मी मोठ्याने भांडायचे, ते जिवंत असताना भांडायचे तशीच. सून घाबरायची. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सासू भिंतीकडे बघून भांडायला लागली तर कोण घाबरणार नाही?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे लावून, लुगडं नेसवून तिला चौरंगावर बसवतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठमूठ गहू दळून रोट करतात, रात्र जागवतात, आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन नदीवर बोळवायला नेतात. लग्न झाल्यापासून माझा हा नेम कधी चुकला नव्हता; गेल्या वर्षीही गावाला जाऊन बसवली होती. राजू म्हणाला, "माय, या वर्षी गावाला काका बसवतील. इथे दोन खोल्यांत कुठे बसवणार?" मी हट्ट धरला. तेव्हापासून घरात रोज वाद.

एका दुपारी मी कोणाला न सांगता नदीच्या पुलावर गेले. दमणगंगा भरून वाहत होती. कानबाईला बोळवायची जागा बघायला गेले होते, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं. पण जागा बघून झाल्यावर कठडा धरून मी तास-दोन तास तिथेच का उभी राहिले, ते मला सांगता आलं नाही, आणि आजही येत नाही. आमच्या इमारतीतल्या एका रिक्षावाल्याने ओळखलं आणि घरी आणून सोडलं.

तिसऱ्या दिवशी राजू म्हणाला, "माय, आधार कार्डासाठी तुझा अंगठा द्यायचा आहे, चल." मी नीट लुगडं नेसून निघाले. गेलो ते एका खाजगी दवाखान्यात. तिथे राजूची सही झाली, डॉक्टरांची झाली, आणखी कोणाची तरी झाली. माझा अंगठा कोणी मागितलाच नाही. एक दार उघडलं, मला आत नेलं आणि दार लागलं. मी मागे वळून बघितलं तेव्हा राजू काचेपलीकडे डोळे पुसत होता. मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही.

आत माझं लुगडं काढून घेतलं. लुगड्याने माणूस गळफास घेतो म्हणे. गळ्यातली तुळशीची माळही काढली, त्याच कारणाने. अंगात हिरवा झगा घातला, पाठीमागून उघडा. सासऱ्यांसमोर ज्या बाईचा पदर कधी ढळला नाही, तिची ही गत. मी सिस्टरला बोचकारलं. खोटं कशाला सांगू? मग चौघांनी धरलं, इंजेक्शन दिलं आणि मनगटं पट्टीने खाटेला बांधली. किती वेळ बांधली होती कळलं नाही. एवढंच आठवतं, की नाकावर माशी बसली होती आणि ती हाकायला मला दुसऱ्या माणसाची विनवणी करावी लागली. त्या माणसाला माझी भाषा कळली नाही. तो पाणी घेऊन आला.

त्यानंतरचे दिवस नुसत्या धास्तीचे होते. गोळ्यांची ट्रॉली वाजली की मी भिंतीकडे सरकायचे. नाही म्हटलं तर पुन्हा बांधतील म्हणून मी मुकाट्याने गिळायचे आणि जीभ वर करून दाखवायचे. राजूला पहिले काही दिवस भेटू देणार नव्हते. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. रविवार जवळ येतोय, आज कोणता वार, एवढंच मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. कानबाईचा विचार अंगात जात्यासारखा घरघरत होता.

डॉक्टर गुजराती होते, वयाने राजूएवढे. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "माजी, कान में आवाज आती है क्या?"

मला बरं वाटलं. म्हटलं, याला माहीत आहे तर. मी माझ्या हिंदीत सांगितलं, "कानबाई आती है. हर साल आती है."

"अच्छा. अभी भी आती है?"

"रविवार को आएगी. मेरे को घर जाने का."

"क्या बोलती है वो?"

"बोलती कुछ नहीं. रातभर बैठती है. मैं भी सोती नहीं उसके साथ."

"फिर?"

"फिर सोमवार को उसको सिर पे लेके नदी में जाने का."

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. मला वाटलं, सुट्टीचा कागद लिहितायत. संध्याकाळी गोळ्या दुप्पट झाल्या. सिस्टर मला गुजरातीत आईला म्हणतात तसं बा म्हणायची; ती म्हणाली, "बा, तुमको अभी महिनाभर रहना पड़ेगा." मी ओरडले. पट्टी परत आली.

तेव्हा मी कानबाईला खूप बोलले. म्हटलं, पन्नास वर्षं तुझे गहू निवडले, तुझी नथ घासली, आणि तुझं नाव घेतलं म्हणून मला बांधलं, तरी तू गप्प? तू नुसता नारळ आहेस. देवीला असं कोणी बोलत नाही. मी बोलले. पुढचे दोन दिवस मी कोणाशीच बोलले नाही, तिच्याशीही नाही. बोलायचं काही उरलं नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी फक्त मनात म्हटलं, माझ्याने आता होत नाही, तुझं तू बघ. यात भक्ती नव्हती, थकवा होता. पण म्हटलं खरं.

त्याच सकाळी वॉर्डात नवी आया होती. रोजची रजेवर होती म्हणून ठेकेदाराने एका दिवसासाठी हिला पाठवलं होतं. पन्नाशीची, काळी, फिनेलचा वास मारणारी. ती माझ्या खाटेखाली पोछा मारत असताना डॉक्टर आले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "माजी, वो कान में बाई आती है ना, कल भी आई थी?"

खाटेखालून फस्सकन हसण्याचा आवाज आला. बाई तोंडात पदर कोंबून बाहेर आली. डॉक्टर रागावले, "इसमें हँसने का क्या है?"

"साहेब, कान में कोई बाई नहीं है. कानबाई! हमारी देवी है. आपके इधर माताजी बैठती है ना नवरात्र में, वैसी. सोमवार को नदी में ठंडा करते उसको, गणपती जैसा."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माय वं, तू आपलाकडनी शे का?"

वर्षभरात घराबाहेर कोणी मला आमच्या अहिराणीत, तू आपल्याकडची का, असं विचारलं नव्हतं. मला हुंदका फुटला. ती म्हणाली, "रडू नको, मी शिरपूरनी शे. तू याला काय सांगितलंस ते माहीत आहे का? तुझ्या कानात एक बाई बसलीय आणि ती तुला सोमवारी नदीत ढकलणार आहे!" रडता रडता मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी पहिल्यांदा स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसले. मनगटाला जिथे पट्टी बांधत होते तिथे बघून म्हणाले, "गलती हो गई, बा." आयेला म्हणाले, "तू इधर ही रुक, मैं जो पूछूँ वो इनकी भाषा में पूछ."

तासभर ते विचारत होते. झोप, जेवण, मालक. शेवटी पूल. आया माझ्या तोंडाकडे बघत होती. जागा बघायला गेले होते, एवढं म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं. पण इतक्या दिवसांनी कोणीतरी माझं बोलणं नीट ऐकत होतं. त्याला अर्धं सांगणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "जागा बघून झाली होती. नंतर का उभी राहिले ते मला माहीत नाही. खालचं पाणी चांगलं वाटत होतं."

डॉक्टरांनी कागदावरचं काहीतरी खोडलं. मग म्हणाले, महिनाभराचं मी रद्द करतो. पट्टी पुन्हा बांधणार नाही. तुम्हाला जायचं तर मुलाला बोलावतो. पण मला त्या पुलाची भीती वाटते. अजून चार दिवस स्वतःच्या मर्जीने राहाल का?

चार दिवस म्हणजे रविवार जाणार. दार उघडं होतं आणि निवड माझी होती. पन्नास वर्षांचा नेम एकीकडे आणि ते पाणी दुसरीकडे. मी कानबाईला विचारलं नाही, कारण तुझं तू बघ असं मी सकाळीच सांगून बसले होते. मी कागद मागितला आणि चौथीच्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. इथे आल्यापासून माझी पहिली सही.

राजू धावत आला. "माय, चल घरी. कुठेही जागा करू, पण कानबाई बसवू."

"गावाला काका बसवतील," मी म्हटलं.

तो रडायला लागला. "आधारचं मी खोटं बोललो."

"पुन्हा बोललास तर थोबाडीन. न्यायचं तर सांगून न्यायचं. मी बोंबलले असते, पण तू खरं बोलला असतास."

रविवारी ना नथ, ना रोट. सिस्टरने माळ परत दिली होती. रात्रभर जागायचा तो दिवस, आणि मी दिवे बंद व्हायच्या आत झोपले ते सकाळी उठले. कित्येक महिन्यांत अशी झोपले नव्हते. गोळ्यांनी झोप लागली, म्हणा. मी नाही म्हणणार नाही.

सोमवारी घरी आल्यावर राजूला त्या आयेच्या शोधात पाठवलं. ठेकेदाराच्या माणसाला नाव सांगता आलं नाही. रोजंदारीवर अशा कितीतरी येतात म्हणाला. ती कोण होती हे मला ठरवायचं नाही. ती शिरपूरची होती आणि योग्य जागी हसली, एवढं मला पुरे आहे.

गोळ्या अजून चालू आहेत आणि मी त्या घेते. कोणाच्या घरी अशी वेळ आली तर माणसाला दवाखान्यात जरूर न्या. मी त्याच्याच जोरावर आज लिहिते आहे. पण त्या माणसाचं बोलणं कळलं नाही तर कळेपर्यंत पुन्हा विचारा. बांधून ठेवलेलं माणूस शरण आलेलं नसतं, ते फक्त दमलेलं असतं. शरण जायला आधी हात मोकळे लागतात. आई कानबाई, तू माझे हात मोकळे केलेस आणि मग माझा नेम मागितलास. तुला नाही नाही ते बोलले, तरी केलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही.