सासर हवं चालत जाण्याजोगं

मला सासर चालत जाण्याच्या अंतरावर हवं होतं. पगार, उंची, पत्रिका सगळं नंतर. वडील गेलेले, मी एकुलती एक, आईचे गुडघे दुखरे आणि रिक्षात बसलं की तिला मळमळायचं. मी लांब गेले असते तर ती माझ्याकडे कधी आलीच नसती. आई मात्र म्हणायची, "माहेर जवळ असलं की पोरीचं पाऊल सासरी ठरत नाही. पुण्याचं स्थळ बघ." मी पुण्याला नाक मुरडलं.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमच्याच अंबरनाथ पश्चिमेतलं एक स्थळ आलं. कारखान्यात सुपरवायझर असलेला मुलगा, त्याची आई आणि मामा. पोहे झाल्यावर मामा म्हणाले, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार."

मी मुलाला विचारलं, "तुमचं घर इथून चालत किती लांब आहे?"

"फार नाही. पंधरा मिनिटं असेल."

"मग चालून बघू या का?"

आईने डोळे वटारले. मामांचा चहा बशीत सांडला. मुलाची आई मात्र उठून चपला शोधायला लागली. "चला, मला कोथिंबीर घ्यायचीच आहे." त्या बाईंवर मी तिथेच भाळले, मुलावर नंतर.

आई आणि मामांना घरी ठेवून आम्ही तिघं निघालो. काय सांगू, माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते! रोजचाच रस्ता, पण त्या दिवशी मी तो एखादं स्थळ पारखावं तसा पारखत होते. दवाखाना लागला, आईच्या कामाचा. वाचनालय लागलं, माझ्या कामाचं. गिरणीवाल्याने मुलाला हटकलं, "काय साहेब, आज दळण नाही?" हा दळण आणतो! असली माहिती कुठल्या पत्रिकेत मिळते? रिक्षाने गेले असते तर मला काहीच कळलं नसतं.

त्यांच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीशी भाजीवाली बसली होती. माझी ठेवणीतली साडी आणि गजरा बघून तिने मुलाच्या आईला विचारलं, "हीच का ती पोर? हिची आय काल आलेली. तुमचं घर लांबनंच बघून गेली न परत जाताना हितं पायरीवर बसली. बोलली, वाटेत बसाया जागा हाय, मना येवाला जमंल."

मला पुण्याला धाडायला निघालेली माझी आई, दुखऱ्या गुडघ्यांनी हा सगळा रस्ता आधीच चालून आली होती. माझे डोळे भरून आले.

मुलाने कोथिंबिरीची जुडी घेऊन माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "माझा होकार आहे."

त्याने मला अजून काही विचारलंही नव्हतं.