गॅरेजखालचा चुना

हालवीडच्या चर्चला साऱ्या गॉटलँड बेटावर लोक हसतात. बापाचे बूट, आजोबाची टोपी आणि मधे पोर, असं म्हणतात. सातशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांच्या हातात व्यापाराचा पैसा खेळत होता. त्यांनी जुनं बुटकं चर्च पाडून मोठं बांधायला घेतलं, मनोरा झाला, वेदीचा भाग झाला, आणि पैसा आटला. मधला भाग होता तसाच राहिला.

आल्गोटला ही चेष्टा मुळीच खपत नसे. एकाहत्तर वर्षांचा हा म्हातारा चर्चची देखभाल करी, त्याच्याआधी त्याचा बाप बोटविड करी. उत्तरेच्या भिंतीवर आतून तराजू धरून उभा असलेला मिखाएल देवदूत दोनशे वर्षं चुन्याखाली गाडलेला होता. तो बोटविडनं हाडाच्या सुरीनं खरवडून बाहेर काढला. चेहऱ्याला दोन आठवडे लागले. लहानगा आल्गोट खाली शिडी धरून उभा होता.

गिलाव्याचा या घराण्याचा एक नियम होता. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खड्ड्यात पुरायचा, वर वाळू घालायची आणि विसरून जायचं. बोटविड म्हणे, "तुझ्या हातचा चुना तुझ्यासाठी नाही रे. तो तुझ्यामागून येणाऱ्यासाठी. तू माझा वापर." आल्गोटनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

एकोणीसशे अडतीस साली बिशप येणार म्हणून उत्तरेची भिंत बाहेरून नव्यानं गिलावा करून हवी होती. बाप तेव्हा कधीच गेला होता. चुन्याचा थर वाळायला दिवस लागतात, मग दुसरा, मग तिसरा. ऑक्टोबर उजाडला होता आणि गावच्या दुकानात सिमेंटच्या कागदी गोण्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. आल्गोटनं सिमेंट घेतलं. दुसऱ्या खिडकीपर्यंत पोचला आणि बर्फ पडलं, काम तिथंच थांबलं. वरून चुन्याचा पांढरा हात फिरवला. बिशपनं विचारलं, तर म्हणाला, "बापाचा चुना आहे." बिशपनं पाठ थोपटली. उरलेल्या गोण्यांची त्यानं घरामागच्या गॅरेजला फरशी केली, बरोबर बापाच्या खड्ड्यावर. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

छत्तीस वर्षं भिंत गप्प राहिली. यंदा वसंतात मिखाएलच्या पायाचा रंग पोपड्यांनी सुटू लागला. विस्बी शहरातून तपासणीस बाई आल्या. बाहेरच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "इथं काय वापरलंय?"

"चुना," आल्गोट म्हणाला. दुसऱ्यांदा.

मग बाईंनी आतल्या लोखंडी शेगडीकडं बोट दाखवलं. ती शेगडी दर शनिवारी पेटवी सिग्ने, आल्गोटच्या मेलेल्या भावाची बायको. बावीस वर्षं. म्हातारी माणसं गारठू नयेत म्हणून दोन लाकडं जास्तच घाली. चर्चच्या मंडळाचा प्रमुख एवाल्ड सगळीकडं सांगत सुटला की सातशे वर्षांचं चित्र या सिग्नेनं भाजून काढलं. शेगडीची किल्ली काढून घेतली. प्रार्थनेनंतरच्या कॉफीला ती केशराचे पाव घेऊन आली, तर कुणी तिच्या परातीला हात लावला नाही.

"आल्गोट, तू रोज तिथं असतोस," तिनं वाटेत विचारलं. "खरंच का रे माझ्या जाळानं झालं?"

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला.

तीन महिने असेच गेले. पाऊस झाला की तो आत जाऊन बघे. ओल भिंतीवर पसरत होती आणि दुसऱ्या खिडकीशी येऊन थांबत होती, दोरी लावल्यासारखी सरळ. बाहेरचं सिमेंट तिथंच संपत होतं आणि त्याच्यातून ओल बाहेर पडत नव्हती, हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये मिखाएलचा चेहरा जमिनीवर पडला. आल्गोटनं कपच्या हातरुमालात गोळा केल्या, पण त्यातून डोळासुद्धा जुळेना. तो तिथंच बसून रडला.

त्या रविवारी सिग्नेला कामावरून काढायचं की ठेवायचं ते ठरणार होतं. एवाल्डनं कागद उघडला.

"कामात हयगय केल्याबद्दल सिग्ने..."

"थांब एवाल्ड," आल्गोट उभा राहिला. "भिंतीवर चुना नाही. सिमेंट आहे. मी लावलंय."

"आल्गोट, भावजयीसाठी खोटं बोलतोस होय?"

"खोटं आजवर बोललो. चल बाहेर."

सगळी माणसं कॉफीचे कप हातात घेऊनच बाहेर आली. आल्गोटनं कुदळ उचलून भिंतीवर घातली. आवाज पोकळ आला. तिसऱ्या घावाला परातीएवढा पापुद्रा सुटून गवतात पडला आणि मागून काळपट ओली वाळू भळभळा गळू लागली. एवाल्डनं कागदाची घडी करून खिशात घातली. सिग्ने मात्र आल्गोटकडं न बघता घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गॅरेजची फरशी फोडायला घेतली. एकाहत्तराव्या वर्षी ते काम सोपं नव्हतं. दुपारपर्यंत हातभर भोक पडलं. खालची वाळू उपसली. बापाचा चुना खाली तसाच होता, पांढरा, थंड, लोण्यासारखा मऊ. भिंतभर पुरेल एवढा.

दारात सावली पडली. सिग्ने बादली घेऊन उभी होती. तिनं वाकून चुन्यात बोट घातलं आणि अंगठ्यावर चोळून बघितलं.

"इतका चांगला चुना ठेवून गेला तुझा बाप," ती म्हणाली. "खरं बोलायला तोंड तेवढं द्यायचं विसरला काय तुला?"

आल्गोटनं फावडं वाळूत रोवलं.

"तीन महिने, आल्गोट. माझ्या हातचा पाव कुणी खाल्ला नाही. मला वाटायचं, मीच जाळलं मिखाएलला. झोपेतून उठून हात बघायची मी."

"सिग्ने, मी..."

"राहू दे. भर बादली."

त्यानं बादली भरली. थंडी पडायच्या आत पहिला थर लागायला हवा होता. सिग्ने ती उचलून चर्चच्या वाटेला लागली आणि तो दुसरी बादली घेऊन तिच्या मागून चालला. खिशात रुमाल होता, त्यातल्या कपच्या पावलागणिक आणखी बारीक होत होत्या.